राखाडी कुठं राहिली ते आधी बघ

सूनबाई, काल दुपारी तू ती गॉगलची काच ब्लॉकसकट माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "मामंजी, दोनदा पॉलिश मारलं, तिसऱ्यांदा पावडर बदलून मारलं, तरी मधला डाग जातच नाही." तेव्हा मी गप्प राहिलो. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर घरच्या माणसाची चूक काढू नये. म्हणून आज लिहून देतो. हवं तर मशीनच्या वर चिकटव. पॉलिशचं पाणी उडून अक्षरं गेली तर परत लिहून देईन, आता मला दुसरं काम तरी काय आहे?

पहिली गोष्ट, तो डाग नव्हता. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरलीस तर मधोमध रुपयाएवढा धुरकट गोल दिसतो आणि त्याच्या भोवती सगळं आरशासारखं. डाग वरून लागतो. हा गोल वरून लागलेला नाही, तिथं पॉलिश पोचलेलंच नाही. शब्दाचा फरक वाटेल, पण डाग म्हटलं की माणूस धुवायला, घासायला, पावडर बदलायला धावतो. राहिलंय म्हटलं की विचारतो, का राहिलं? आपल्या धंद्यात निम्मा माल या एका चुकीच्या शब्दापायी वाया जातो.

म्हणून काच राखाडी राहिली की हात थांबव आणि ती कुठं राहिली ते बघ. मधे राहिली असेल तर टूल काचेच्या मानानं चपटं आहे. कडेकडेनं टेकतंय, मधे पोकळी. कडेला कड्यासारखी राहिली असेल तर उलटं: टूल जास्त फुगीर, मधेच टेकतंय. आणि समोरासमोर दोन बाजूंना, फुलपाखराच्या पंखांसारखी राहिली असेल, तर सिलिंडरचं टूल चुकलंय किंवा ॲक्सिस सरकलाय. सगळीकडे सारखी धुरकट असेल तरच पॉलिशकडे बोट दाखवायचं. बाकी तिन्ही वेळा पावडर निर्दोष असते.

आता तू म्हणशील, साध्या नंबरांना असं होत नाही, या गॉगलच्या काचांनाच का? ते नीट समजून घे, कारण मला स्वतःला समजायला वीस वर्षं गेली.

आम्हाला वाटायचं, जास्त कर्व्हचं काम आम्ही कोळून प्यायलोय. मिरज पडलं दवाखान्यांचं गाव. मोतीबिंदूच्या शिबिरांतून पेशंटच्या पेशंट यायचे, सांगली-कोल्हापूरचे, पार कर्नाटकातले. डोळ्यात भिंग बसवायची पद्धत तेव्हा आपल्याकडे रुळलेली नव्हती. मोतीबिंदू काढला की नाकावर अधिक दहाच्या आसपासचा जाड चष्मा. ती काच समोरून अशी फुगलेली असायची की म्हाताऱ्याचे डोळे बशीएवढे दिसायचे. पण गंमत अशी की तो समोरचा फुगवटा आम्हाला तयार यायचा. आम्ही घासायचो ती मागची बाजू, आणि ती असायची जवळजवळ सपाट. जाड काच म्हणजे अवघड काच असं लोकांना वाटायचं, आम्हीही वाटू द्यायचो. खरं अवघड काम पुढं आलं, हे कानापर्यंत वळलेले सायकलवाल्यांचे आणि बाइकवाल्यांचे गॉगल नंबरात मागायला लागले तेव्हा. समोरून ८ कर्व्ह आणि नंबर उणे दोनच्या आसपास, म्हणजे मागून १० कर्व्ह घासायचा. काच दिसायला पातळ, सुटसुटीत. आणि तिनंच आम्हाला रडवलं.

हिशेब सांगतो. टूलवर जो आकडा कोरलेला असतो तो १.५३ हा वक्रीभवनांक धरून काढलेला असतो. म्हणून ५३० ला त्या आकड्यानं भागलं की मिलिमीटरमध्ये त्रिज्या मिळते. ४ कर्व्हची १३२.५, ६ ची ८८.३, १० ची ५३. आता टूल फुगीर, त्याच्यावर पॅड, त्याच्यावर टोपी घातल्यासारखी काच. पॅडची जाडी टूलच्या त्रिज्येत मिळवली जाते, म्हणून तेवढी वजा करून टूल कापतात. १ मिलिमीटर वजा केला तर ४ कर्व्हचं टूल ४.०३ होतं. फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. १० कर्व्हचं होतं १०.१९. तोच एक मिलिमीटर, पण सहापट अंगावर येतो.

यावरून माझाच एक फजितीचा किस्सा. एका व्यापाऱ्यानं पॉलिशचे फेल्टचे पॅड नवीन खोक्यातून पाठवले. मऊ, छान, किमतीलाही बरे. आठवडाभर साधे नंबर निघाले, तक्रार नाही. मग गॉगलची एक जोडी आली आणि मधे अगदी तुझ्यासारखा चंद्र. मी वेळ वाढवला. मग दाब वाढवला. मग पॉलिशचं अख्खं पाणी फेकून नवं कालवलं. दाब वाढवल्यामुळं काच तापली आणि कडेला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे आले, ते वेगळंच. चार ब्लँक, म्हणजे समोरून तयार आलेल्या चार काचा, वाया गेल्या. शेवटी वैतागून जुना पॅड आणि नवा पॅड व्हर्नियरमध्ये धरले. नवा अर्धा मिलिमीटर जाड.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, ते रात्री कागदावर मांडलं. ५६ मिलिमीटर व्यासाच्या काचेला ४ कर्व्हवर या जाडीमुळं मधे पोकळी राहते ११-१२ मायक्रॉनची. फेल्ट दबतो, तेवढं भरून निघतं. १० कर्व्हवर तीच पोकळी ८८ मायक्रॉन. पॉलिश काच खाऊन खाऊन खाणार किती? काही मोजके मायक्रॉन. म्हणजे मी संध्याकाळपर्यंत मशीन चालवलं असतं तरी पॉलिश मधे टेकलं नसतं. व्यापाऱ्याची चूक म्हणावी तर त्यानं पॅडची जाडी खोक्यावर छापलेली होती. मी वाचली नव्हती. तेव्हापासून नवं खोकं आलं की पहिला पॅड व्हर्नियरमध्ये जातो, आणि आकडा मी खोक्यावर खडूनं लिहितो. तूही लिही.

पण तुझं कालचं प्रकरण पॅडच्या जाडीचं नाही. तू आत गेलीस तेव्हा मी पॅड मोजून बघितला, बरोबर आहे. तुझी काच मी कडेकडेनं फिरवली तेव्हा कडेला बारीक लहरी दिसल्या. मोजल्या, सहा. तुझ्या पॅडला पाकळ्या सहा. मग टूल उलटं करून बघितलं, तर पाकळ्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या.

हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर गोल पोळी उपड्या वाटीवर टाकून बघ. मधे बसते, कडेला चुण्या पडतात. मध्यापासून ३० मिलिमीटर बाहेर गेलं की सपाट पॅडचा घेर होतो १८८.५ मिलिमीटर. १० कर्व्हच्या टूलवर तेवढ्याच अंतरावर जागा असते १७८.६ ची. म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटर पॅड जास्तीचा. ६ कर्व्हवर हाच जास्तीचा भाग साडेतीन-पावणेचार मिलिमीटर असतो आणि तो पाकळ्यांमधल्या फटींत मावतो. १० वर मावत नाही, पाकळीवर पाकळी चढते. चढली की तिथं जाडी दुप्पट, काच कडेच्या त्या सहा उंचवट्यांवर टेकते आणि मधे अधांतरी राहते. मधली राखाडी आणि कडेच्या लहरी, दोन्हींचं मूळ एकच.

त्यावर उपाय म्हणजे जास्त कर्व्हसाठी वेगळे, रुंद फटींचे पॅड येतात, ते माग. आले नाहीत तोवर आपल्याच पॅडच्या फटी कात्रीनं रुंद कर, बाहेरच्या टोकाला प्रत्येक फटीतून दोन मिलिमीटरची निमुळती चिंधी काढलीस की पुरे. हे काम शिंप्याच्या चुण्यांइतकंच नाजूक आहे. एकीकडे जास्त कापलंस तर तिथं उघडं टूल काचेला लागेल. पॅड लावताना मधोमध अंगठा दाबून मग बाहेर सरकत जा, कडेकडून सुरुवात कधीच करू नकोस. आणि त्याआधी टूलवरचा जुना गोंद. तो खरवडून, पुसून, तळहात फिरवून बघायचा. नखाएवढा गोंदाचा खडा राहिला तर साध्या कर्व्हवर चालून जातं, इथं चालत नाही.

टेकतंय की नाही हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. काच ब्लॉकवर असताना, जनरेटरवरून, म्हणजे काच कापायच्या मशीनवरून, उतरल्या उतरल्या, मागच्या बाजूवर मार्करनं उभ्याआडव्या रेघा मार, चटईसारख्या. पॉलिशच्या आधी घासायचं फायनिंगचं मशीन मोजून दहा-पंधरा सेकंद चालव आणि थांबव. धू. शाई जिथं पुसली तिथं पॅड टेकतोय, जिथं राहिली तिथं नाही. सगळीकडून सारखी फिकी झाली तर पुढं जा. मधे गडद राहिली तर आत्ताच थांब, टूल बघ. तीन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा अर्धा तास वाचतो. पॉलिश झाल्यावर काच वाचता येते तशी ती फायनिंगच्या आधीही वाचता येते, फक्त शाई लागते. मी हे कुणा इंजिनियरकडून शिकलो नाही. गिरणीतला फिटर दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर बसतात का हे बघायला निळा रंग लावायचा, त्याचं बघून उचललं.

जनरेटरची एक खोड मात्र शाईनंही कळत नाही. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी फोड येते, आम्ही तिला बेंबी म्हणायचो. हिऱ्याच्या चाकाची कड काचेच्या बरोबर मध्यातून जात नसेल तर तिथं तेवढा कण कापायचा राहतो. बोटाच्या टोकानं लागते, डोळ्यांना दिसत नाही. फायनिंगमध्ये ती झिजते, पण झिजताना पॅडचा मध्य फाडते आणि फाटलेल्या पॅडनं पुढची काच बिघडते. म्हणून बेंबी लागली की आधी जनरेटरचा मध्य लावून घे. पॅडवर राग काढण्यात अर्थ नाही.

ब्लँकचा व्यास हा असाच कुणी लक्ष न देणारा विषय. ७० मिलिमीटरचा ब्लँक आला म्हणून ७० चाच घासत बसू नकोस. १० कर्व्हवर ७० चा ब्लँक मागून १३ मिलिमीटर खोल जातो. तोच ५६ चा करून घेतलास तर खोली बरोबर ८ मिलिमीटर. फ्रेमला जेवढा लागतो तेवढा ठेव, वर थोडी सोय ठेव, बाकी जनरेटरवरच उडव. खोली कमी झाली की पॅड नीट बसतो, मशीनचा हेलकावा कडेवर आपटत नाही आणि पाणी मधे पोचतं. हेलकावाही या कामाला थोडा कमीच ठेवायचा. व्यास कमी केल्यावर कडेला धार येते, ती दगडावर हलकी मारून घे. न मारलेल्या धारेचे कपचे उडतात, पॅडखाली शिरतात, आणि मग तू म्हणतेस ओरखडे पॉलिशमुळं येतात.

ओरखड्यांबद्दल एवढंच. बादल्या वेगळ्या, स्पंज वेगळे, फायनिंगनंतर काच, ब्लॉक, मशीनच्या पिना आणि स्वतःची नखं धुवायची. पॉलिशचं पाणी आठवड्यातून दोनदा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं. हे तुला सांगावं लागत नाही, पण त्या नव्या पोराला रोज सांगावं लागतं.

आता लहरींकडे येतो, कारण खरी डोकेदुखी ती आहे. राखाडी निदान दिसते. लहर मशीनवर असताना दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर दिसते. तो म्हणतो, "मान वळवली की रस्ता हलतो." म्हणून दोनदा बघायचं. ब्लॉकवरून काढायच्या आधी मागच्या बाजूत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धर आणि काच हळू वळव. पट्टी सरळ सरकली पाहिजे, सापासारखी नाही. मग ब्लॉकवरून काढ, काच थंड होऊ दे, परत तेच. दोन्ही वेळा वाकडी असेल तर दोष टूलचा किंवा पॅडचा. ब्लॉकवर सरळ आणि काढल्यावर वाकडी, तर पॅडची चौकशी करू नकोस. काच ब्लॉकवर दडपलेली होती आणि सुटल्यावर आपल्या मूळ आकारात गेली, असा त्याचा अर्थ.

आता काच दडपते कशी, ते बघ. काच ब्लॉकला चिकटवायचं आपलं अलॉय ४७ अंशांना वितळतं. म्हणजे हाताला जेमतेम सोसेल एवढंच गरम, पण पातळ प्लॅस्टिकला तेवढं पुरतं. आपला ब्लॉक ६ कर्व्हच्या काचांसाठीचा. तो ८ च्या काचेवर ठेवला की फट सगळीकडे सारखी राहत नाही, एकीकडे अलॉय जाड ओतलं जातं, एकीकडे पातळ. जाड भाग उशिरा निवतो, आवळतो आणि काचेला खेचतो. आठच्या काचेला आठचाच ब्लॉक, आणि तो काचेच्या मानानं फार लहान नको. कड अधांतरी राहिली की दाबाखाली ती मागं झुकते. ओतल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं जनरेटरवर चढवू नकोस. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं असतं तेव्हा ही वीस मिनिटं फार मोठी वाटतात, मला माहीत आहे. त्याला चहा सांग.

ब्लॉक करायच्या आधी काचेवर लावायच्या निळ्या टेपलाही विसरू नकोस. सपाट काचेवर टेप हातानं बसते, आठवर बसत नाही, चुणी पडते. त्या चुणीवर अलॉय ओतलं की पातळ काचेत ती चुणी आरपार उमटते आणि तू मागच्या बाजूला लहर शोधत बसतेस. टेप जरा ओढून, मधून बाहेर चोळत लाव. चुणी पडलीच तर काढून नवी. टेपचा तुकडा स्वस्त आहे.

लहर पकडायची आणखी एक युक्ती, आणि ही तुझ्या पिढीसाठी सोपी. रात्री दुकानाचे दिवे मालव, मोबाइलचा टॉर्च लाव, तो लांब ठेव, मधे काच धर आणि सावली पांढऱ्या भिंतीवर पाड. चांगल्या काचेची सावली गुळगुळीत येते. लहर असेल तर भिंतीवर वाळूच्या रेघांसारखं दिसतं, पाकळ्यांचे ठसे तर मोजून घेता येतात. आमच्या वेळी यासाठी आर्क लॅम्प लागायचा.

एक गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात इथं पारा चाळिशीला टेकतो आणि पॉलिशची टाकी दुपारी कोमट होते. प्लॅस्टिकला ते सोसत नाही, आणि खोल काचेत पाणी आधीच मधे कमी पोचतं, त्यात ते कोमट. तिथं पॅड कोरडा पडतो. टाकीत बोट बुडवलं की गार लागलं पाहिजे. चिलर चालत नसेल त्या दिवशी गॉगलच्या काचा सकाळी आठच्या आत उरकून टाक, साधे नंबर दुपारी कर. पॉलिशचं पाणी पातळ झालंय की नाही ते हायड्रोमीटर सांगतो. रंगावरून अंदाज बांधू नकोस, मी बांधायचो आणि चुकायचो. पॉलिशमधलं ॲल्युमिनियम ऑक्साइड तळाला बसतं, त्यामुळं सकाळी पहिली काच लावायच्या आधी टाकी ढवळून पाच मिनिटं थांबायचं.

पॉलिकार्बोनेटच्या काचा आल्या तर त्याचं तंत्र वेगळं आहे, ते समोर बसून दाखवीन, लिहून कळणार नाही. एवढंच लक्षात ठेव की त्यावर मागून हार्डकोट चढतो, त्यात हलका धूसरपणा लपतो. लहर लपत नाही. आणि त्या काचेला ॲसिटोन लावायचं नाही, चुकूनही.

मुलगा परवा सांगत होता, डिजिटल मशीन घेऊ या, मग टूलच लागणार नाहीत. घ्या, मी आडवा येणार नाही. पण त्यातही मऊ गादीनं पॉलिश होतं, आणि मऊ गादीलाही वाटीत शिरायला आकार लागतो. मधली बेंबी तिथंही येते. तेव्हा हा कागद टाकू नकोस.

कालची काच तशीच ठेव, ब्लॉकवरून काढू नकोस. काढून परत बसवलीस तर मध्य सरकेल आणि नसता प्रिझम येईल. मधली जाडी किती उरली ते आधी मोज. दोन मिलिमीटरच्या वर असेल तर पाकळ्या कापलेला नवा फायनिंग पॅड लाव, शाईच्या रेघा मार, पंधरा सेकंद चालव. मी चारला येतो. फायनिंग झाल्यावर थांब, पॉलिश मी आल्यावर. आणि अलॉयचं भांडं हाताळलं असशील तर नातवाला घ्यायच्या आधी साबणानं हात धू, त्यात शिसं आणि कॅडमियम असतं. आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही त्याच हातानं भाकरी खायचो.